कोनी आयलंड : जुनी छायाचित्रे व स्मृतिवस्तू

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात अटलांटिक किनाऱ्यावर असलेल्या कोनी आयलंड येथील करमणूक उद्यानांशी निगडित छायाचित्रे, चित्रकार्डे, तिकिटे, भेटवस्तू आणि मोडीत निघालेल्या खेळांचे अवशेष यांना संग्राहकांच्या व्यवहारात एकत्रितपणे स्मृतिवस्तू म्हटले जाते. सामान्यतः 1880 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंतच्या वस्तू यात धरतात.

येथील तीन मोठी उद्याने म्हणजे जॉर्ज टिल्यू यांचे स्टीपलचेस पार्क (1897–1964), फ्रेडरिक टॉम्प्सन व एल्मर डंडी यांचे लूना पार्क (1903–44) आणि विल्यम रेनल्ड्स यांचे ड्रीमलँड (1904–11). तिन्ही उद्यानांना आगीचा तडाखा बसला. ड्रीमलँड 27 मे 1911 च्या पहाटे जळाले, ते पुन्हा उभे राहिले नाही. स्टीपलचेस 1907 मध्ये जळाले, तेव्हा टिल्यू यांनी धुमसते अवशेष पाहण्यासाठी 10 सेंट प्रवेशशुल्क लावले. लाकूड व गिलाव्याच्या या इमारतींचे फारच थोडे मागे उरले असल्याने त्यांच्या अभ्यासात कागदी वस्तूंना एरवी मिळणार नाही एवढे महत्त्व आले आहे.

‘लूना पार्क’ या नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ते डंडी यांची बहीण लूना हिच्या नावावरून पडले. दुसऱ्या मतानुसार ‘अ ट्रिप टू द मून’ या खेळातील ‘लूना’ (लॅटिनमध्ये चंद्र) नावाच्या विमाननौकेवरून ते आले. हा खेळ 1901 मध्ये बफलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात सुरू झाला, 1902 मध्ये स्टीपलचेसमध्ये आला आणि पुढे लूना पार्कचा कणा ठरला. नौकेचे नाव उद्यानाच्या आधीचे असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र नौकेचेच नाव बहिणीवरून पडले असणे अशक्य नाही, आणि तसे असल्यास दोन्ही मतांतील विरोध उरत नाही. कागदी चंद्रकोरीवर बसवून काढलेली स्टुडिओ छायाचित्रे सरसकट लूना पार्कची म्हणून विकली जातात, ते मात्र मान्य करता येत नाही. असे पडदे त्या काळी अनेक जत्रांत व किनाऱ्यांवर होते.

संग्रहात सर्वांत मोठा वाटा चित्रकार्डांचा आहे. त्यांचा काळ ठरवताना आधी पाठ पाहावी, मग चित्र, आणि डाकेचा शिक्का सर्वांत शेवटी. 19 मे 1898 च्या अमेरिकन कायद्याने खाजगी छपाईच्या कार्डांना 1 सेंटचा दर मिळाला. ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ असा मजकूर छापलेली कार्डे या टप्प्यातील होत. डिसेंबर 1901 पासून ‘पोस्ट कार्ड’ हे शब्द वापरण्याची मुभा मिळाली. 1 मार्च 1907 पर्यंत पाठीवर फक्त पत्ता लिहिता येई. त्यामुळे निरोप चित्राच्या बाजूला, कडेच्या पांढऱ्या पट्टीत दाटीवाटीने लिहिलेला असतो, आणि जागा संपली की शाईची ओळ सरळ आकाशात चढते. काही विक्रेते अशी कार्डे डागाळलेली म्हणून स्वस्तात काढतात, हे दुर्दैव होय. कार्ड 1907 पूर्वीचे असण्याची ती चांगली खूण आहे. त्यानंतर पाठ दुभागली: अर्धी पत्त्याला, अर्धी निरोपाला. साधारण 1915 ते 1930 या काळात पांढरी चौकट आणि 1930 ते 1945 या काळात कापडासारखा पोत प्रचलित होता. छायाचित्राच्या कागदावर थेट काढलेल्या कार्डांत डाकतिकिटाच्या चौकोनातील खुणा उपयोगी पडतात: ‘एझो’ या छापाच्या कागदावर चारही त्रिकोण वर टोक केलेले असल्यास कार्ड साधारण 1904–18 मधील मानतात.

ही साल छपाईची असते, चित्राची नव्हे. प्रकाशक जुनी छायाचित्रे वर्षानुवर्षे वापरत. म्हणून चित्रातील वास्तू पाहाव्यात. ड्रीमलँडचा पांढरा मनोरा दिसत असल्यास मूळ छायाचित्र 1904 ते 1911 मधलेच. किनाऱ्यालगतचा लाकडी बोर्डवॉक 1923 पासूनचा, वंडर व्हील हा महाकाय पाळणा 1920 चा, सायक्लोन ही लाकडी रोलर कोस्टर 1927 ची. पॅराशूट जंप (उंच मनोऱ्यावरून पॅराशूटने उतरण्याचा खेळ) 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात उभारली गेली व 1941 मध्ये स्टीपलचेसमध्ये आली.

रात्रीच्या कार्डांबाबत विशेष सावधगिरी हवी. त्यांतील बरीच दिवसाच्या छायाचित्रावरून तयार झालेली आहेत: आकाश गडद निळे रंगवून, खिडक्या पिवळ्या करून, कोपऱ्यात चंद्र बसवून. गर्दीच्या पायांशी दुपारच्या उन्हातली सावली दिसली की ही करामत उघड होते. अशी कार्डे बहुधा शिळामुद्रणाची असत व पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांपैकी पुष्कळ जर्मनीत छापली जात. महाराष्ट्रातील वाचकांना हे तंत्र रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींवरून परिचित आहे. याउलट डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीचे रात्रीच्या दृश्यांचे काचफलक (काचेवरील निगेटिव्ह) खरोखर रात्री टिपलेले आहेत. लूना पार्कच्या सुमारे 1905 च्या फलकात प्रत्येक मनोऱ्याची कड दिव्यांच्या ठिपक्यांनी रेखलेली दिसते. कंपनीचे 25,000 हून अधिक फलक व पारदर्शिका आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. लूना पार्कच्या ‘अडीच लाख’ दिव्यांचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो; तो जाहिरातीतला असल्याने जपून घ्यावा.

स्टीपलचेसचे सामायिक (अनेक खेळांसाठी एकच) तिकीट ही संग्राहकांची आवडती वस्तू आहे. पुठ्ठ्याची गोल चकती, मधोमध भांग पाडलेला व कानापर्यंत हसणारा, दातच दात दाखवणारा चेहरा आणि कडेने अंक. चकती दोऱ्याने कोटाच्या गुंडीला अडकवत. प्रत्येक खेळाशी कर्मचारी एक अंक टोचे. सर्व भोके पडलेली चकती बाजारात कमी किमतीला जाते, पण तिच्यावरून एका माणसाची एक दुपार जवळपास वाचता येते, म्हणून अभ्यासकाला ती कोऱ्या चकतीहून मोलाची वाटावी. याखेरीज तांबड्या मुलाम्याच्या काचेचे पेले व मग आढळतात. त्यांवर ठिकाणाचे व गिऱ्हाइकाचे नाव जागेवरच कोरून देत.

मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे हा स्वतंत्र विषय होय. चार्ल्स लूफ यांनी 1876 मध्ये येथे पहिले मेरी-गो-राउंड बसवले. पुढे मार्कस इलियन्स, चार्ल्स कार्मेल आणि स्टाइन व गोल्डस्टाइन यांच्या कामातून उधळलेली आयाळ, सोन्याचा वर्ख व काचमणी असलेली ‘कोनी आयलंड शैली’ घडली. अमेरिकेत हे चक्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे घोड्याची उजवी बाजू प्रेक्षकांकडे येते आणि सारे कोरीवकाम तिथे एकवटते. डावी बाजू पुष्कळदा साधी ठेवलेली असते. इंग्लंडमधील घोड्यांत हे नेमके उलटे दिसते.

संस्थात्मक संग्रह ब्रुकलिन म्युझियम, ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी आणि ‘कोनी आयलंड यूएसए’ या संस्थेचे संग्रहालय येथे आहेत. कलाछायाचित्रांत छायाचित्रकार वीजी यांचे किनाऱ्यावरील गर्दीचे 1940 मधील चित्र सर्वपरिचित आहे. हौशी छायाचित्रे 1900 मध्ये 1 डॉलरला मिळू लागलेल्या ब्राउनी कॅमेऱ्यामुळे वाढली; ती बहुतेक कुटुंबांच्या अल्बममध्ये राहिली आणि अल्बम सुटे करून विकताना त्यांवरची नावे गेली. ज्याच्या पाठीवर पेन्सिलीने माणसाचे नाव व साल लिहिलेली आहे, असे चित्र अल्बमच्या मूळ पानासह जपावे.