कारच्या अल्टरनेटरची पवनचक्की: खुलासा

‘भंगारातला कारचा अल्टरनेटर (गाडीची बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणा, पाती लावा, घरभर वीज’ हा सल्ला मराठवाड्यात गावोगाव फिरतो. तो चुकीचा आहे. अल्टरनेटर मिनिटाला हजारभर फेऱ्यांखाली चार्जिंग देत नाही आणि त्याच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, करंटही बॅटरीतूनच लागतो. १.२ मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र ताशी १५ किमी वाऱ्यात मिनिटाला जेमतेम ३०० फेऱ्या घेतं. फेऱ्या वाढवायला पुली-बेल्ट लावला तर हलक्या वाऱ्यात ते जागचं हलत नाही.

त्याऐवजी जुन्या ई-सायकलची ३६ व्होल्टची, गिअर नसलेली हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी; फिरवली की वीज देते) घ्या. तिच्या तीन जाड वायरी एकमेकींना जोडून हाताने फिरवा. जड गेली तर मोटर चांगली. वायरींवर थ्री-फेज ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा), पुढे फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी. पाती ६ इंची पीव्हीसी पाइपची, ६० सेमीची, तीन. तिन्हींचं वजन काट्यावर सारखं करा, नाहीतर खांब थरथरून नटबोल्ट सुटतात. आपल्या उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं. रंग द्याच, तडा दिसला की पातं बदला.

बॅटरीचं चार्जिंग सांभाळायला सोलरचा साधा कंट्रोलर मात्र लावू नका. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो, चक्रावरचा भार जातो आणि आषाढातल्या वाऱ्यात ते बेफाम सुटून पाती उडतात. जादा वीज हीटरच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर हवा.

आणि घरभर वीज? ताशी १५ किमी वाऱ्यात १० वॅटच्या आसपास. म्हणजे एक एलईडी बल्ब आणि मोबाइल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट, पण तसा वारा पत्र्यालगत मिळत नाही. खांब जवळच्या कडुलिंबाच्या शेंड्यापेक्षा उंच हवा.