अवकाशातला अनोळखी कचरा: दुर्बीण तो हेरायला कशी शिकली

4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक कक्षेत गेला आणि जगभर लोक संध्याकाळी आकाशाकडे डोळे लावून बसले. नुसत्या डोळ्यांनी त्यांना जो सरकता ठिपका दिसला, तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हताच. उपग्रह जेमतेम 58 सेंटीमीटरचा. चमकत होता तो त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा रिकामा सांगाडा. माणसाने कक्षेत ठळकपणे पाहिलेली पहिली वस्तू म्हणजे कचराच.

उपग्रहांचा माग ठेवण्यासाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने बेकर-नन कॅमेऱ्यांची 12 केंद्रं उभी केली. त्यांतलं एक नैनितालला होतं. कॅमेरा उपग्रहाच्या गतीने फिरवला, की फिल्मवर ताऱ्यांच्या रेघा उमटत आणि उपग्रहाचा ठिपका. मात्र तो कधी, कुठून जाणार याचं गणित आधी हातात लागे. जे माहीत आहे तेच या पद्धतीने सापडायचं.

29 जून 1961 ला ट्रान्झिट 4ए उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा वरचा टप्पा कक्षेत फुटला आणि सुमारे 300 तुकडे झाले. कक्षेतला हा पहिला ज्ञात स्फोट. आता जे कुणी सोडलंच नव्हतं, तेही शोधणं भाग होतं.

पृथ्वीजवळ हे काम रडारने पेललं. 35,786 किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत, जिथली वस्तू जमिनीवरून आकाशात एकाच जागी थांबल्यासारखी दिसते, मात्र त्याची ताकद कमी पडते. अंतर दुप्पट झालं की रडारचा प्रतिध्वनी 16 पट क्षीण होतो. तुकड्यावरून परतलेला सूर्यप्रकाश फक्त 4 पट. तिथे दुर्बिणीला पर्याय नाही, तो या साध्या हिशेबामुळे.

तिथल्या शोधाची रीत नेहमीच्या खगोलनिरीक्षणाच्या उलटी. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवायचीच नाही. मग तारे सेकंदाला सुमारे 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकून रेघा ओढतात आणि भूस्थिर वस्तू ठिपका म्हणून उरते. पण ठिपके फसवेही असतात. वैश्विक किरण सीसीडीवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, आदळला की तसाच ठिपका उमटतो, पण पुढच्या चित्रात तो नसतो. बिघडलेला पिक्सेल प्रत्येक चित्रात त्याच जागी हटून बसतो. खरा तुकडा सहसा चित्रागणिक थोडा थोडा, एका सरळ ओळीत सरकत जातो. सगळी पारख या सरकण्यावर चालते.

अतिशय मंद तुकडा एकेका चित्रात दिसतही नाही. त्याची संभाव्य गती गृहीत धरून चित्रं तेवढी सरकवायची आणि एकमेकांवर रचायची. गती बरोबर निघाली तर गोंगाटातून ठिपका वर येतो. जपानच्या अवकाश संस्थेतल्या संशोधकांनी ही पद्धत नेटाने वाढवली. हजारो गती आणि दिशा तपासायच्या म्हणजे संगणकाचा घाम निघतो.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो तो स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या 1 मीटर दुर्बिणीचा. युरोपीय अवकाश संस्थेची ही दुर्बीण आणि बर्न विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ यांच्या निरीक्षणांत या शतकाच्या सुरुवातीला अशा वस्तू आढळल्या, ज्यांच्या कक्षा चांगल्याच लंबगोल होत्या. आकारमानाच्या मानाने त्या फारच हलक्या होत्या. उपग्रहांवर गुंडाळलेल्या उष्णतारोधक आवरणाचे हे पापुद्रे असावेत, असा निष्कर्ष निघाला. सूर्यप्रकाशाचा दाबसुद्धा त्यांना वाटेवरून ढकलतो.

म्हणूनच ‘अनोळखी’ ठरवणं सोपं नाही. सापडलेला ठिपका आधी ज्ञात वस्तूंच्या यादीशी ताडून पाहावा लागतो. जुळला नाही तरी काही मिनिटांच्या निरीक्षणातून कक्षा पक्की होत नाही. लवकर पुन्हा गाठला नाही, तर तो हातचा जातो. स्पेनच्याच ला पाल्मा बेटावरच्या 2.54 मीटरच्या आयझॅक न्यूटन दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. त्यांतल्या मंद तुकड्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कोणत्याही खुल्या यादीत नव्हते. त्यांतले बरेच गिरक्या घेत होते: एका चित्रात लख्ख, आणि लगेच दिसेनासे.