जाळीपेटीतील फुलपाखराची अळी आणि कोष: सांभाळताना लक्षात ठेवायच्या गोष्टी

ज्या झाडावर अळी सापडली, त्याच झाडाची ताजी पाने तिला रोज द्या. लिंबाच्या झाडावरची अळी रुईच्या पानाला तोंड लावत नाही, उपाशी मरते. फवारणी झालेली पाने नकोत. पेटीतली विष्ठा रोज काढा, साचली की बुरशी धरते.

कोष होण्याआधी अळी साधारण चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी ती दिवसभर हलत नाही. ती मेलेली नसते. तिचे पाय रेशमाच्या थरात आकड्यांनी अडकलेले असतात, त्यामुळे ओढून काढली तर इजा होते. हलवायचीच असेल तर पानासकट हलवा.

पुरेशी वाढली की अळी खाणे थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि पेटीभर भटकते. मग छताला रेशमाची गुंडी करून उलटी लटकते. काही जातींची अळी कमरेभोवती धागा घेऊन काडीला टेकते. शेवटची कात टाकल्यावर कोष काही तास अगदी मऊ असतो. आमच्या अनुभवात सर्वाधिक कोष याच वेळी हात लावल्याने बिघडतात.

आत अळीचा नुसता रस होतो, हा गैरसमज आहे. बरेचसे स्नायू आणि आतडे मोडून नव्याने घडतात, पण श्वासनलिका आणि मज्जासंस्था बदलत बदलत टिकून राहतात. पंख तर अळीच्या अंगातल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांतून वाढतात. बालसंप्रेरक, म्हणजे अळीला अळीच ठेवणारे शरीरातले रसायन, भरपूर असेपर्यंत कात टाकून पुन्हा अळीच होते. ते घटले की कोष होतो.

उबदार हवेत अनेक जातींना कोषातून बाहेर यायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, थंडीत जास्त. कोषातून पंखांची नक्षी दिसू लागली की बहुधा दिवसभरात फुलपाखरू बाहेर येते. तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात. ते लटकून त्यांत शरीरद्रव भरते. १५-२० मिनिटांत पंख पसरतात, उडण्याइतके कडक व्हायला दोन-तीन तास लागतात. लटकायला जागा मिळाली नाही तर ते तसेच वाळतात आणि मग काहीच करता येत नाही. म्हणून कोषाखाली निदान १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. कोष पडला तर जाळीच्या भिंतीला लागून खरखरीत कापडावर ठेवा, म्हणजे फुलपाखराला वर चढता येईल. चिमट्याने साल सोलू नका. खाली पडणारे लालसर थेंब रक्ताचे नसतात. कोषात साठलेली घाण आहे ती.

कोषाला छिद्र पडून त्यातून पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या, तर तो परजीवी माशीचा उपद्रव. तिने अंडी आधीच, अळी उघड्यावर असताना घातलेली असतात. म्हणून मोठी अळी शोधण्याऐवजी फुलपाखराची अंडी असलेले पानच पेटीत आणा.