भूजलाच्या ताळेबंदात क्लोराइड कसे आले

नदीला पुरेल एवढा पाऊस पडतो, हे १६७४ मध्ये पिएर पेरो यांनी आकड्यांनिशी दाखवले. सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात वर्षभरात पडणारा पाऊस नदीच्या प्रवाहाच्या सहापट भरला. गंमत म्हणजे तो पाऊस खोलवर मुरतो, हे खुद्द पेरोंना पटत नव्हते. मुरण्याची बाजू घेतली एदम मारियोत यांनी. त्यांचा पुरावा होता पॅरिस वेधशाळेचे तळघर: तिथला पाझर पावसानंतर वाढे, कोरड्या दिवसांत ओसरे.

ताळेबंदाचे सूत्र तेव्हापासून मुळात तेच आहे. पावसातून बाष्परूपाने उडालेले आणि पृष्ठभागावरून वाहून गेलेले पाणी वजा करा, मातीतल्या ओलाव्याचा फरक जुळवा. उरते ते पुनर्भरण, म्हणजे मुरून भूजलात पडलेली भर. दुखणे या वजाबाकीतच आहे. पाऊस ६०० मिमी, बाष्प ५२०, वाहते पाणी ५० धरले, तर उरतात ३० मिमी. बाष्पाचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला, की २६ मिमी इकडचे तिकडे! पेनमन आणि थॉर्नथ्वेट यांची १९४८ मधली सूत्रे मुख्यतः संभाव्य बाष्प देतात, म्हणजे जमिनीत पाणी मुबलक असते तर जेवढे उडाले असते तेवढे. वाळलेल्या जमिनीतून प्रत्यक्षात बरेच कमी उडते. विहिरीतली पातळी किती चढली, यावरून काढलेला अंदाजही विशिष्ट उत्पादनावर, म्हणजे खडकातून निथळू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर, अडतो. तीन मीटर वाढीला ०.०२ ने गुणले तर ६० मिमी, ०.०१ ने गुणले तर ३०. कठीण खडकात यातला कोणता आकडा खरा, हे ठरवणे सोपे नसते.

रासायनिक तपासणी तोवर पाण्याची प्रत आणि प्रकार सांगण्यापुरती होती. पाइपर यांची १९४४ मधली आकृतीही आयनांची (पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांची) टक्केवारी दाखवते, पाण्याचे प्रमाण नाही. १९६९ मध्ये एरिक्सन आणि खुनाकासेम यांनी इस्रायलच्या किनारी मैदानात क्लोराइडवरून, म्हणजे मिठातल्या क्लोरीनच्या आयनावरून, पुनर्भरण काढले. तर्क साधा आहे: पाणी उडते, क्लोराइड मागे राहते. पावसात १.५ आणि भूजलात ३० मिलीग्रॅम प्रति लिटर असेल, तर ६०० मिमी पावसातले ३० मिमी मुरले.

चुका मात्र ठरलेल्या दिशेने होतात. पोटॅशची खते, सांडपाणी किंवा खडकातले मीठ मिसळले, की पुनर्भरण कमी दिसते. पर्जन्यमापकात कोरडी धूळ धरली नाही, तरीही तेच. वाहत्या पाण्याबरोबर गेलेले क्लोराइड विसरले, तर ते जास्त दिसते. म्हणून पावसाचे नमुने किमान वर्षभर घ्यावेत, आणि धन व ऋण आयनांची बेरीज पाच टक्क्यांच्या आत जुळत नसेल तर विश्लेषण पुन्हा करावे. नमुना टिकवायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालणे म्हणजे मोजायचे तेच बाटलीत ओतणे.

विहिरीची पातळी आणि क्लोराइड या दोन पद्धतींची उत्तरे जुळली नाहीत, तर लगेच एकाला खोटे ठरवू नये. पातळीची वाढ त्या एका हंगामाची असते. क्लोराइड अनेक वर्षांची सरासरी सांगते. मधल्या काळात जंगल तोडून शेती झाली असेल, तर खालचे पाणी अजून जुन्या वहिवाटीचा हिशेब दाखवत असते. अशा वेळी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, तपासतात. अणुचाचण्यांमुळे पावसातले त्याचे प्रमाण १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचले. अर्धायुष्य १२.३ वर्षांचे असल्याने तो शिखरकाळ आता पुसट झाला आहे, पण ट्रिटियम जवळपास शून्य आढळले तर ते पाणी १९५० च्या दशकाआधी मुरलेले आहे, एवढे आजही सांगता येते.