जुनी पितळी लेन्स आमच्याकडे आणण्याआधी

आजोबांच्या पेटीतली किंवा जुन्या बाजारातून घेतलेली पितळी लेन्स घेऊन येणारे ग्राहक बहुधा एकच तक्रार सांगतात: मधला चेहरा लख्ख येतो, पण मागची झाडे गरगर फिरल्यासारखी दिसतात. हा बिघाड नाही. अशी लेन्स बहुतेक वेळा पेट्झवाल रचनेची निघते, आणि ते गरगरणे तिच्या जन्मापासूनचे आहे.

१८३९ साली छायाचित्रणाचे फ्रेंच आद्य प्रवर्तक दागेर यांच्या कॅमेऱ्यावर पॅरिसचे भिंगकार शेव्हालिए यांची लेन्स असे, साधारण एफ १५ची (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो). भर उन्हातही प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. इतका वेळ इमारत थांबते, माणूस थांबत नाही. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये चार काचांची एफ ३.६ लेन्स आखली. काच घासून अंदाज घेत बसण्याऐवजी त्यांनी किरणांचा हिशेब आधी कागदावर केला, आणि त्या आकडेमोडीला तोफखान्यातले हिशेबी सैनिक दिमतीला मिळाले. लेन्स घडवली भिंगकार फोइग्टलेंडर यांनी. प्रकाश सतरापट वाढला आणि माणसांचे फोटो निघू लागले. मोबदल्यात कडा सोडाव्या लागल्या: प्रतिमा सपाट प्लेटवर न बसता वाटीसारखी वळते, शिवाय लांब नळी तिरके किरण अडवते. मागचे गरगरणे यातूनच येते.

आपली लेन्स ओळखायची असेल तर ट्यूबलाइटखाली धरून काचेतल्या दिव्याच्या प्रतिबिंबांकडे पाहा. पुढच्या जोडीत दोन ठळक आणि एक अगदी पुसट दिसेल, कारण त्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. मागच्या जोडीत चार ठळक दिसतील. तिथे दोन काचांमध्ये हवा आहे आणि ते अंतर एक बारीक कडे राखते. पुसायला म्हणून उघडलेल्या लेन्समध्ये घोळ होतो तो इथेच. मागे एका ग्राहकाच्या लेन्समधली मागची काच उलटी बसवलेली होती, त्यामुळे मधला चेहराही धूसर येत होता. ती सुलटी केली आणि पापण्यांचे केस मोजता येऊ लागले.

जुन्या सिनेमा प्रोजेक्टरच्या कित्येक लेन्स याच घराण्यातल्या असतात. भंगारात घालू नका.

पुढे ड्रेस्डेनला लुडविग बेर्टेले यांनी एर्नोस्टार आखली. १९२४च्या एर्मानॉक्स कॅमेऱ्यावर ती एफ २ होती आणि तिने फ्लॅशशिवाय घरातले फोटो शक्य केले. त्यांचीच सोनार १९३२च्या सुमारास एफ १.५ला पोचली. काचांवर परावर्तन कमी करणारा लेप देणे तेव्हा रूढ नव्हते, हवेला लागणारी प्रत्येक बाजू चार-पाच टक्के प्रकाश परतवी. म्हणून त्यांनी काचा चिकटवून तीनच गट केले. आमच्या मते युद्धापूर्वीच्या लेन्समध्ये याहून शहाणी रचना नाही.

चिकटवलेल्या काचांमधला बाल्सम, म्हणजे राळेचा पारदर्शक डिंक, उष्णतेने सुटतो. लेन्स गाडीत उन्हात ठेवू नका, स्पिरिटमध्ये बुडवू नका. कडेला पिवळट किंवा इंद्रधनुषी डाग दिसला तर न उघडता, सगळ्या कड्यांसकट आणा.