मनाला येईल तेव्हा हँग होणारा संगणक

काम चालू असताना पडदा जागच्या जागी थिजतो, माऊसचा बाण हलत नाही आणि शेवटी बटण दाबून धरून संगणक बंद करावा लागतो. पुढचे चार दिवस मात्र तो अगदी शहाण्यासारखा चालतो. कायमचा बंद पडलेला संगणक दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते, कारण तेथे बिघाड समोर हजर असतो. अधूनमधून हँग होणारा संगणक दुकानात नेला की हमखास नीट चालतो.

अशा बिघाडाला ‘काहीही कारण नसताना’ होणारा बिघाड म्हणतात, पण ते खरे नाही. संगणकातील शून्य आणि एक या वस्तुतः विद्युतदाबाच्या दोन पातळ्या असतात, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये थोडी मोकळी जागा राखलेली असते. एखादा भाग जुना झाला, तापला किंवा त्याचा वीजपुरवठा डळमळला की ही जागा आक्रसते. एरवी सगळे निभावते, पण दोन प्रतिकूल गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या की एखादा बिट, म्हणजे एखादे शून्य किंवा एक, चुकतो आणि प्रोसेसर भलत्याच वाटेला लागतो. म्हणजे बिघाड सतत असतोच; तो काठावर असल्यामुळे दिसतो तेवढा अधूनमधून.

माझा आठ वर्षे जुना डेस्कटॉप असा हँग होऊ लागला, तेव्हा पहिला सल्ला अर्थातच ‘विंडोज पुन्हा टाका’ हा मिळाला. तो मी पाळला, अर्धा रविवार त्यात गेला आणि चौथ्या दिवशी पडदा पुन्हा थिजला. त्यानंतर मी दोनच गोष्टी केल्या. प्रत्येक वेळी हँग झाल्यावर वेळ आणि त्या वेळचे काम वहीत लिहिले, आणि कॅप्स लॉकची कळ दाबून पाहिली. या कळीचा दिवा कळफलक स्वतःहून लावत नाही: कळ दाबल्याचा निरोप संगणकाकडे जातो आणि दिवा लावण्याची आज्ञा तिकडून परत येते. दिवा लागत-विझत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत आहे आणि अडचण एखाद्या प्रोग्रॅममध्ये, ग्राफिक्स कार्डात किंवा डिस्कमध्ये असण्याचा संभव अधिक. जुनी हार्ड डिस्क खराब झालेला भाग पुन्हापुन्हा वाचू पाहते, तेव्हा डिस्कचा दिवा सारखा पेटलेला राहतो आणि संगणक काही सेकंदांनी शुद्धीवर येतो. माझ्याकडे कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म होता, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमसकट सगळेच थिजले होते.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, प्रोसेसरवरची पेस्ट वाळते, आणि तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. उष्णतेचा बिघाड ओळखायची खूण अशी की तो जड कामाच्या वेळी किंवा भर दुपारी होतो. माझी वही याच्या अगदी उलट सांगत होती: व्हिडिओ तयार करताना संगणक एकदाही थांबला नव्हता, तो थांबे मी चहाला उठलो की, किंवा नुसता वाचत बसलो की.

मग रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणारी स्मृती. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या घटकामध्ये) साठवलेला विद्युतभार, आणि तो गळत असल्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढले की गळती वाढते, म्हणून रॅमची चाचणी पाच मिनिटांत आटोपून उपयोग नाही. मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा, आणि एकही चूक दिसली तर एकेक पट्टी काढून पुन्हा तपासावे. अशा चुका वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. गूगलच्या सर्व्हरांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांमध्ये किमान एक चूक आढळली. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसण्याचा आपल्याकडचा उपाय पुष्कळदा लागू पडतो, कारण संपर्कावरची घाण निघते. मात्र सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, तेव्हा जोर लावू नये. माझी रॅम रात्रभरात एकदाही चुकली नाही.

उरला वीजपुरवठा, आणि चहाच्या वेळचे कोडे येथे सुटू लागले. रिकामा बसलेला प्रोसेसर डुलक्या घेत असतो. किरकोळ काम आले की तो क्षणार्धात जागा होतो आणि त्याची विजेची मागणी कित्येक पटींनी उसळते. ही अचानकची मागणी एसएमपीएस (घरातली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात बदलणारा डबा) आणि मदरबोर्डवरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवरचे, कपॅसिटर भागवतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षे वाळत जातो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तो कमकुवत झाला की अशा उसळीच्या क्षणी दाब खाली घसरतो. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट एवढीच सूट असते, आणि साध्या मल्टिमीटरला क्षणिक घसरण दिसतही नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर लाखो मदरबोर्डांवर बसले होते. आत वायू साठून त्यांचे चपटे माथे फुगत आणि फुटत. मदरबोर्डवरचा असा फुगवटा टॉर्चच्या उजेडात सहज दिसतो. एसएमपीएस मात्र उघडू नये: प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो.

म्हणून भाच्याच्या संगणकातला एसएमपीएस मागून आणला आणि दुसरे काहीही न बदलता तेवढाच बसवला. तीन आठवडे वहीत एकही नोंद पडली नाही. तेवढ्याने माझे समाधान होईना, कारण हा संगणक चार-चार दिवस आपसूकही नीट चालत असे. मी जुना एसएमपीएस पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन परतलो, तर पडद्यावरचे घड्याळ आठ वाजून दहा मिनिटांवर थांबले होते आणि भिंतीवरच्यात साडेआठ झाले होते.