हाइन्केस, युप
हाइन्केस, युप : (९ मे १९४५– ). जर्मन फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. जन्म म्योन्शनग्लाडबाखचा, वडील लोहार, घरात दहा भावंडे. याच गावच्या बोरुसिया क्लबकडून त्यांची बहुतेक कारकीर्द घडली. मधली तीन वर्षे ते हानोफरकडे होते. आघाडीच्या फळीत खेळताना त्यांनी बुंडेसलिगाच्या (जर्मनीची अव्वल लीग) ३६९ सामन्यांत २२० गोल केले, चार वेळा लीग जिंकली. १९७५च्या यूएफा चषकाच्या (युरोपीय क्लबांची स्पर्धा) अंतिम लढतीत डच क्लब ट्वेंटेविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली. १९७४च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघातही ते होते. एप्रिल १९७८मध्ये अखेरच्या लीग सामन्यात बोरुसियाने डॉर्टमुंडला १२–० असे हरवले. त्यांतले पाच गोल हाइन्केस यांचे. तरीही, गुण समान असताना, गोलफरकात (केलेले वजा खाल्लेले गोल) तीन गोल कमी पडले आणि विजेतेपद कोलोनकडे गेले.

१९७९मध्ये बोरुसियाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढे बायर्न म्युनिकला त्यांनी १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली, पण १९९१च्या ऑक्टोबरात क्लबने त्यांना काढले. ही आपली सर्वांत मोठी चूक होती, असे व्यवस्थापक उली होनेस यांनी नंतर जाहीरपणे मान्य केले. हाइन्केस तेव्हा कमालीचे कडक होते. फ्रांकफुर्टमध्ये ओकोचा, येबोआ आणि गाउदिनो या बिनीच्या खेळाडूंशी त्यांचे उघड बिनसले आणि वर्षभराच्या आत त्यांना जावे लागले. रेआल माद्रिदला ३२ वर्षांनी युरोपचे अजिंक्यपद त्यांनीच मिळवून दिले (१९९८, युव्हेंटसवर १–० विजय). मात्र स्पॅनिश लीगमध्ये संघ चौथा आला होता, त्यामुळे तेथूनही त्यांची गच्छंती झाली. युरोपविजेत्या प्रशिक्षकाला इतकी अन्यायकारक वागणूक क्वचितच मिळाली असेल.

त्यांचे खरे मोठेपण साठी उलटल्यावर दिसले. २०११मध्ये ते बायर्नला परतले. पुढच्याच वर्षी, आपल्याच मैदानावरचा चॅम्पियन्स लीगचा (युरोपची सर्वोच्च क्लब स्पर्धा) अंतिम सामना संघाने चेल्सीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. त्या धक्क्यातून त्यांनी संघाला ज्या रीतीने उभे केले, ते जर्मन क्लब फुटबॉलमधले सर्वोत्तम काम म्हणावे लागेल. रिबेरी आणि रॉबेन यांच्यासारखे मनस्वी विंगर (कडेने चढाई करणारे आघाडीपटू) बचावासाठी मागे धावू लागले. श्वाइनश्टायगर आणि हावी मार्तिनेस यांनी मध्यफळी बांधून धरली. उपांत्य फेरीत बार्सेलोनाला दोन सामन्यांत मिळून ७–० असे नमवून बायर्नने वेम्ब्लीवर डॉर्टमुंडला २–१ असे हरवले. लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग एकाच हंगामात जिंकणारा हा पहिला जर्मन क्लब. त्यांच्या जागी स्पॅनिश प्रशिक्षक ग्वार्डिओला येणार, हे जानेवारीतच जाहीर झाले होते. तरी संघाची लय जराही बिघडली नाही.

ऑक्टोबर २०१७मध्ये क्लबने त्यांना निवृत्तीतून परत बोलावले. २०१८ची लीग त्यांनी जिंकून दिली. चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र फ्रांकफुर्टकडून हार पत्करावी लागली. त्या संघाचे प्रशिक्षक निको कोवाच हेच पुढच्या हंगामात बायर्नमध्ये त्यांच्या जागी आले.